वन्संनी मोडलेला ग्रामोफोन

मी आयुष्यात एकही वस्तू मोडलेली नाही. साधी कपबशीसुद्धा नाही! हे वाक्य मी गेली एक्कावन्न वर्षं वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, ऐकवत आले आहे. कारण माझा ग्रामोफोन त्यांनी मोडला होता.

बंद केला की पेटीसारखा हातात धरून नेता यायचा तो. निळ्या रेक्झिनचा. माझ्या लग्नात वडिलांनी दिलेला. एका संध्याकाळी वन्संनी त्याला चावी दिली, आतून ‘कड्’ असा आवाज आला आणि तो जो मुका झाला तो झालाच. स्प्रिंग तुटली, असं घरात एकमताने ठरलं आणि पेटी माळ्यावर गेली.

आम्ही दोघी अजून एकाच घरात राहतो, पण आमचा कुठलाही वाद कधी तीन मिनिटांच्या वर टिकला नाही. पडदे माझ्या आवडीचे निळे की त्यांच्या आवडीचे हिरवे, खिडकीजवळची खुर्ची कुणाची, विषय काहीही असो. मी नुसती नजर वर करून माळ्याकडे पाहायची, की वन्सं गप्प! असं हत्यार सरकारकडेही नसेल.

तर यंदा त्यांच्या पंचाहत्तरीला तो ग्रामोफोन दुरुस्त करून चार लोकांत वाजवायचा आणि त्यांना जाहीर क्षमा करायची, असं मी ठरवलं. क्षमा करताना नेसायची साडीही काढून ठेवली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे घड्याळजी बसतात. त्यांनी पेटी अशी हातात घेतली, जणू तिला ताप आहे. नवीकोरी दिसायला हवी, असं मी म्हटल्यावर ते दुखावलेच. वस्तूचं वय पुसायचं नसतं म्हणाले. रेक्झिन ओल्या फडक्याने पुसणार, कोपऱ्याचा पोचा तसाच ठेवणार, प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या भोकात परत बसवणार. आणि आतून जे निघेल ते पुडी बांधून पेटीतच ठेवणार.

“मी काही फेकत नाही, बाई.”

त्यांचा हा बाणा मला फार आवडला. तेव्हा.

पंधरा दिवसांनी गेले, तर ग्रामोफोन गात होता! आवाज जरा खरखरीत, पण माझा तरी आता कुठे वेगळा आहे? मी डोळे पुसले आणि नवी स्प्रिंग कुठून मिळवली, ते विचारलं.

“स्प्रिंग तुटलीच नव्हती. चाकाच्या दात्यांत हे अडकलं होतं,” म्हणत त्यांनी पुडी उघडली.

आत केसांचा आकडा होता. वन्संचे केस पहिल्यापासून कानापर्यंत कापलेले. घरात आकडे लावणारी एकटी मी.

मग लख्ख आठवलं. त्या दिवशी सकाळी चावीच्या भोकातली धूळ मी आकड्याने कोरत होते. तो सुटून आत पडला. निघेल कधीतरी, म्हणून मी कपडे वाळत घालायला गेले आणि विसरले!

घरी येताना पहिल्याच कचराकुंडीत मी पुडी टाकली. क्षमेची साडी बदलायची गरज नव्हती.

वाढदिवसाला पाहुणे जमले. माझं क्षमेचं भाषण ऐन रंगात आलं होतं. तेवढ्यात वन्संनी रेकॉर्ड घ्यायला झाकणाच्या कप्प्यात हात घातला आणि हातात एक चिठ्ठी आली. केलेलं काम लिहून ठेवायची घड्याळजींची पद्धत! वन्संनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली.

“स्प्रिंग मूळची, शाबूत. बिघाडाचं कारण, केसांचा आकडा, नग एक. सोबतच्या पुडीत.”

सगळ्यांनी वळून माझ्या अंबाड्याकडे पाहिलं.

“वहिनी, पुडी कुठे आहे?”

मी खरं ते सांगितलं.  वन्सं हसायला लागल्या, ते खोकला येईपर्यंत.

“अगं, मला वाटायचं माझ्या हातालाच काहीतरी दोष आहे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “एक्कावन्न वर्षं मी या घरातला नळसुद्धा जपून सोडते.”

 मी मुकाट्याने चावी घेतली आणि फिरवायला लागले. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन ऐसपैस बसल्या.

“हळू, वहिनी. तुटेल.”

हिरवे पडदे तसे काही वाईट दिसत नाहीत.