काळ्या झाकणाच्या बरणीची मोहीम

अखंडित-मोबाइल-अलंकृत राजमान्य कन्यासाहेब, मुक्काम परगावचे वसतिगृह, यांचे सेवेसी विनंती ऐसीजे. आपण फोनावरोन फर्माविले की, "मावशी येऊन गेली तेव्हा नक्की झालं काय? आईला विचारलं की ती नुसती हसत सुटते आणि फोन ठेवते. सगळं पहिल्यापासून सांगा." ऐशी आज्ञा जाहली, त्यावरोन जे समोर घडले ते, जे दाराआड घडले ते आणि जे ज्याच्या त्याच्या मनात घडले तेही, पदरची भर न घालिता लिहिले आहे. कोणास झोंबले तर बखरकाराचा नाइलाज आहे.

या शहरी अन्नधान्याची ठाणी दोन. वरच्या रस्त्यास काचमहाल. तेथे दारे आपोआप उघडतात, हवा गार, गाणे मंद, आणि पालेभाजीवर घडोघडी तुषार उडतात, इतकी तिची बडदास्त. किमतीची चिठी तेथे ऐशा बारीक अक्षरी की ती वाचावयास वाकणे म्हणजे आपली ऐपत चारचौघांत जाहीर करणे. दुसरे ठाणे खालच्या रस्त्यास, बसथांब्यामागे, त्यास घरी पुठ्ठेगड म्हणतात. तेथे माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतच उभा, ज्याने त्याने खोके फाडावे आणि घ्यावे, गाड्याचे एक चाक हटकून रुसलेले, आणि पैसे घेणारी बाई माल ऐशा वेगाने पुढे ढकलिते की भल्याभल्यांची अंडी तेथे कामास आली. भाव मात्र निम्म्याने कमी. म्हणोन सारे शहर तेथे जाते आणि गेलो होतो असे कोणी म्हणत नाही.

आपल्या घरचा शिरस्ता पूर्वी काचमहालचा होता. मग आपले तीर्थरूप रावसाहेब यांच्या कचेरीने मंदीचे निमित्त करोन पगारास कात्री लाविली, आणि दर शनिवारची स्वारी गुपचूप पुठ्ठेगडाकडे वळली. परंतु अब्रू जाऊ नये म्हणोन मातोश्री बाईसाहेबांनी एक तजवीज केली. काचमहालची कॉफी पूर्वी काचेच्या बरणीत मिळे, काळे झाकण, सोनेरी अक्षरांचे लेबल. त्या बरण्या जपोन ठेविल्या. पुठ्ठेगडची कॉफी आणावी, बरणीत भरावी आणि बरणी पाहुण्यांच्या नजरेस पडेल ऐशी मांडावी, उरली ती घरच्यांसाठी स्टीलच्या डब्यात टाकावी. हे भरणीचे खाते आपले आजोबा आबासाहेब यांजकडे. आबासाहेब उभी हयात औषधाच्या दुकानी कंपाउंडर, बाटली भरण्यात हात बसलेला, कानाने मात्र अधू. लेबलास पाणी लागू न देता बरणी ओल्या फडक्याने पुसावी, ही युक्ती त्यांचीच. ते दर शनिवारी स्वयंपाकघराच्या मेजापाशी चष्मा चढवोन बसत, आणि सारे घर पावले न वाजविता चाले.

आता कलहाचे मूळ. आपल्या मावशी, बाईसाहेबांच्या वडील भगिनी, ताईसाहेब. त्यांच्या जिभेचा दरारा चहूकडे. कोणाचेही बिस्किट दाताखाली धरोन ते कोणत्या ठाण्याचे हे त्या डोळे मिटोन सांगत, आणि ज्याचे त्यास खाली पाहावे लागे. मागल्या खेपेस आल्या तेव्हा बिस्किट अर्धे खाऊन बशीत ठेविले, बोलल्या काही नाहीत. परंतु जातेसमयी जिन्यात फोनावर कोणाशी बोलल्या ते बाईसाहेबांनी दाराआडून ऐकले. "काय करणार, चालवते कसंतरी. बिचारी!"

बिचारी! हा एक शब्द बाईसाहेबांच्या वर्मी लागला. पगार कापला तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढले नाही, जुनी गाडी विकली तेव्हा हूं की चूं केले नाही, परंतु या शब्दाने त्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत. भांडी आपटली, रावसाहेबांनी नुसते "काय झालं?" पुसले तर "काही नाही!" ऐसे उत्तर आले की रावसाहेबांची पाचावर धारण बसली.

मग खबर आली की ताईसाहेबांची स्वारी येत्या रविवारी पुन्हा येते. तत्क्षणी खलबत भरले, जागा बाल्कनी, कपडे वाळत असता. आबासाहेबांस बोलाविले नाही, कारण त्यांस गुपित सांगणे म्हणजे ओरडोन सांगणे, आणि शेजारची खिडकी उघडी होती. रावसाहेबांनी अर्ज केला की बरणी आहेच, नेहमीप्रमाणे भरावी, कोणास कळते? त्यावर हुकूम जाहला की, "तिला कळतं! या वेळी खरंच काचमहालमधून आणायचं. कॉफी, बिस्किटं, चीज. उपास काढू महिनाभर, पण तो शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकणार नाही." रावसाहेबांनी मान तुकविली आणि दोरीवरचा एक मोजा विनाकारण झटकला.

शनिवारी खाशांनी कूच केले. बाईसाहेबांनी लग्नकार्याची पर्स घेतली, रावसाहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला, आणि दोघे काचमहाली दाखल जाहले. दरवानाने सलाम केला, रावसाहेबांनीही उलट सलाम केला, तेथेच बाईसाहेबांनी कोपर मारिले. मग चीजच्या मेजापाशी गाठ पडली. तेथील मुलीने लाकडी काडीवर तुकडा पुढे केला आणि पुसले की, "सर, जुनं मुरलेलं आवडतं की मऊ?" सरांनी मुरलेले खाल्ले, मऊ खाल्ले, ठरवावयास पुन्हा मुरलेले खाल्ले, आणि पाचव्या काडीस बाईसाहेबांनी दंडास धरोन ओढले, तेव्हा कोठे हे युद्ध आटोपले. सर्वांत लहान तुकडा घेतला आणि चेहरा ऐसा ठेविला की मोठा तुकडा घरी आहेच.

पुढे कॉफीचे ठाणे. बरण्या कोठेच दिसेनात. पुसता दाढीवाले कॉफीबहाद्दर हसले आणि वदले की बरण्या आता बंद जाहल्या, आता ताजी डोळ्यांदेखत दळोन कागदी पुडीत देतो. पुडी कैशी? मळकट तपकिरी कागद, वर ना नाव ना चित्र, सुतळीने बांधलेली, खिळे देतात तैशी. काचमहालाची श्रीमंती आता गरिबाचे कपडे घालोन हिंडते, आणि त्या कपड्यांचे जादा पैसे घेते. कॉफीबहाद्दरांनी पुसले की, "फळांकडे झुकणारी हवी की चॉकलेटकडे?" रावसाहेब कळवळोन म्हणाले, "कॉफीकडे झुकणारी नाही का?" त्यावर मागे रांगेत कोणी फिसकन हसले. बाईसाहेबांनी "फळांकडे" म्हणोन वेळ मारून नेली आणि पैसे देतेसमयी छताकडे पाहिले.

येणेप्रमाणे खजिन्यास खिंडार पडले, आणि बटाटे, कांदे, पीठ, साबण तो अजून बाकीच. मग काचमहालची पिशवी रावसाहेबांच्या जाकिटाआड दडवोन फौज उतार उतरली आणि पुठ्ठेगडावर चालोन गेली. तेथे रुसल्या चाकाचा गाडा, बटाट्यांवरोन धक्काबुक्की, आणि जाकिटास हात लागू नये म्हणोन रावसाहेब पोटदुखी असल्यागत चालत होते. घरची नेहमीची कॉफीही घेतली, लालभडक पाकीट, वर वाफाळता कप. अंडी वाचली, हे विशेष. दमगीर होत्साती फौज घरी आली, आणि सारा माल मेजावर ओतोन बाईसाहेब पाय पसरोन पडल्या. पडता पडता इतकेच ओरडल्या की, "आबा, तेवढी कॉफी बरणीत भरून ठेवा हो!"

घात येथे जाहला. आबासाहेब चष्मा चढवोन बसले. समोर दोन पुड्या. लाल पाकीट त्यांचे रोजच्या ओळखीचे, ते शनिवारी बरणीत जाते, त्याप्रमाणे त्यांनी ते बरणीत भरिले, एक कण सांडला नाही. मग तपकिरी पुडी हाती धरिली. नाव नाही, चित्र नाही, सुतळी. आबासाहेबांनी ती उलटी करोन पाहिली. मनात म्हणाले, अरेरे, माझ्या पोरांवर ही वेळ आली! स्वतःसाठी सुटी, बिननावाची आणली आणि मला बोललीसुद्धा नाहीत. डोळे पुसले, पुडी सोडोन घरच्या स्टीलच्या डब्यात ओतली, आणि कोणास ओशाळे वाटू नये म्हणोन कागद घडी करोन कचऱ्याच्या तळाशी दडविला. ऐसा हा प्रेमळ सत्यानाश.

रविवारी ताईसाहेब आल्या. एकट्याच. साडूसाहेबांस हल्ली बैठका फार, ऐसे कळविले. पायात पूर्वीचेच बूट, टाच नवी लाविलेली, परंतु त्या दिवशी कोणाचे तिकडे ध्यान नव्हते. चीज मांडिले, बिस्किटे मांडिली, बाईसाहेबांनी बरणी मुद्दाम समोर आणोन झाकण उघडिले आणि कॉफी केली. ताईसाहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले. बाईसाहेबांचा जीव टांगणीला लागला.

ताईसाहेब वदल्या, "वा! याला म्हणतात कॉफी. अगदी आमच्या घरी असते तश्शी. काचमहालची चव लपत नाही गं."

फत्ते! बाईसाहेबांची छाती फुगली, रावसाहेबांनी मेजाखाली मूठ आवळली. मग दुसऱ्या कपाची फर्माईश जाहली. रावसाहेब आपण होऊन उठले, आणि येथे त्यांची चिक्कू बुद्धी आडवी आली. मनात म्हणाले, एकदा खात्री पटली, आता महाग माल कशास जाळावा? म्हणोन दुसरा कप स्टीलच्या डब्यातली पूड घालोन केला आणि हसतमुखे पुढे ठेविला.

ताईसाहेबांनी घोट घेतला आणि तोंड ऐसे केले की लिंबाची फोड चावली. "ईऽऽ! ही कसली? आंबट, पाणचट! ही पुठ्ठेगडची. मला एका घोटात कळतं." आणि कप खाली ठेवोन भगिनीकडे पाहिले. तीच नजर. तोच शब्द ओठांवर येऊन उभा राहिला.

बाईसाहेब तडक उठल्या. रिकामी बशी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, रावसाहेबांस खेचोन नेले, दार लोटले आणि दबक्या आवाजात फैलावर घेतले की, "डब्यातली का घातलीत? एक कप वाचवून कुठला बंगला बांधणार होतात?" रावसाहेब नुसते "अगं, पण" म्हणत राहिले. तितक्यात आबासाहेब पाणी प्यावयास आले, सुनेचा चेहरा पाहिला आणि पाठीवर हात ठेवोन बोलले, "सूनबाई, वाईट वाटून घेऊ नकोस. पाहुण्यांना मी लाल पाकिटातलीच भरलीय, नेहमीसारखी. ती सुतळीतली बिननावाची आपल्या डब्यात टाकलीय. घरच्या माणसांना चालतं गं काहीही."

बाईसाहेबांच्या ध्यानी सारे एकदम आले. अगदी आमच्या घरी असते तश्शी! त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि फ्रिजवर डोके टेकोन ऐशा हसल्या की आतल्या बाटल्या वाजल्या. पोटभर हसोन झाल्यावर डोळे पुसले. आता तोच शब्द, ज्याने दोन दिवस घास उतरू दिला नव्हता, त्यांच्या हाती धार लावोन आला होता. दार उघडोन त्या बाहेर निघाल्या, आणि रावसाहेबांनी डोळे मिटोन घेतले.

बाहेर ताईसाहेब उभ्या होत्या. चप्पल-बुटांच्या फळीपाशी पर्स चाळवीत, कोणाकडे न पाहता म्हणाल्या, "अगं, त्या बरण्या आता मिळत नाहीत ना. आमची परवा फुटली. तुझ्याकडे एखादी रिकामी आहे का? म्हणजे, बटणंबिटणं ठेवायला." मग जरा थांबोन, आवाज उतरवोन, "लेबल निघालेलं नको हं."

बाईसाहेबांचे उघडलेले तोंड तैसेच राहिले. माळ्यावर दोन बरण्या होत्या. त्यांतील बरी, सोनेरी अक्षरे शाबूत असलेली, त्यांनी स्वहस्ते काढिली, वर्तमानपत्रात गुंडाळिली आणि ताईच्या हाती दिली. आबासाहेब बिचकत नाहीत आणि ऐकतही नाहीत, त्यांनी दारातून मोठ्याने बजाविले की, "लेबलला पाणी लावू नका बरं! ओल्या फडक्यानं पुसायची!"

"माहितीये, आबा," ताईसाहेब म्हणाल्या.

आणि दोघी भगिनींची नजर एक झाली, आणि लागलीच दोघींनी ती जिन्याच्या दिव्याकडे वळविली. मग ताईसाहेबांनी बरणी पोटाशी धरिली आणि नव्या टाचा वाजवीत सावकाश उतरल्या. बाईसाहेब कठड्यापाशी उभ्या राहिल्या आणि वरोन म्हणाल्या, "ताई, सांभाळून जा गं."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. चीजचे ताट साफ, सुतळीची कॉफी घरच्यांनी नाक धरोन संपविली, आबासाहेबांनी तीस सर्दीचे औषध ठरविले. पुढील शनिवारी पुठ्ठेगडावर बटाट्यांच्या खोक्यांआड एक ओळखीची पर्स दिसली, तेव्हा बाईसाहेबांनी रुसल्या चाकाचा गाडा मोठ्या कष्टाने साबणांच्या गल्लीत वळविला आणि पर्स निघोन जाईतो एकच वडी उलटसुलट वाचीत राहिल्या. हाती लागलेली लूट एकच, शब्द 'बिचारी', धार शाबूत. तो बाईसाहेबांनी आपल्या कोठीत जमा करोन घेतला. आजतागायत वापरिला नाही. ताईसाहेब पुन्हा बिस्किट अर्धे टाकतील त्या दिवसाची हमी मात्र बखरकार देत नाही. कळावे, ही विज्ञापना.