बुधवारचं सॉसेज सूप

इंग्रजी अक्षरांचा एक पत्र्याचा डबा.

हेडक्लार्कची रिकामी खुर्ची.

पिंटोसाहेबांचं बिघडलेलं पोट.

मंगळवेढ्याची एस्टी, आणि आईचं कंडक्टरशी भांडण : "डबा मांडीवर घिऊन बसलीय की! तुझी कुटं जागा अडली रं?"

या चार गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. तो मी जोडला!

पिंटोसाहेब आमच्या मिलचे मॅनेजर. मूळचे मुंबईचे. सोलापूरच्या तिखटानं त्यांचं पोट वर्षभर संपावर होतं. ऑफिसात सगळ्यांदेखत म्हणाले, "डॉक्टर म्हणतो, पौष्टिक खा. इथे कुणाला साधं सॉसेज सूप येतं का?"

मी ताडकन उभा राहिलो. "आमच्याकडे नेहमी असतं, सर! बुधवारी या जेवायला!"

आमच्याकडे नेहमी पिठलं असतं.

मेव्हण्यानं पुण्याहून, मिलिटरी कँटीनमधून, सॉसेजचा डबा पाठवला. गल्लीला दिसावा म्हणून मी तो चार दिवस खिडकीत ठेवला. कृती एका जुन्या मासिकातून फाडली. बटाटा, गाजर, कोबी चिरा. सॉसेज परता. पाणी घाला. संपलं! हेडक्लार्क होणं इतकं सोपं असतं, हे लोकांना माहीत नाही.

बुधवारी दुपारी आई टपकली. लुगड्याला मेंढरांचा वास, हातात पितळी डबा.

"तुझ्या आवडीचं आणलंय. भरल्याली आतडी."

मेंढीच्या आतड्यात खिमा, काळीज, मसाला ठासायचा, दोऱ्यानं बांधून उकडायचं. लहानपणी त्यासाठी मी सख्ख्या बहिणीला चावलो आहे.

"आज नको, आई. साहेब येणार आहेत. आज सॉसेज आहे."

"सोसायचं? कुणी?"

"सॉसेज!"

"त्येच इच्यारतीय की. कुणी सोसायचं?"

"साहेब आले की तू मागं मोरीपाशी बस. बाहेर येऊ नकोस."

माझ्या बायकोनं, वच्छलानं, माझ्याकडे असं पाहिलं की हातातला कांदाही लाजला असता. आई डबा ओट्यावर ठेवून मागं गेली.

संध्याकाळी भाज्या शिजल्या. मी खिडकीतला डबा काढला. मे महिना, सोलापूरचं ऊन! डबा प्रमोशन मिळाल्यासारखा फुगला होता. अडकित्ता लावला, अडकित्ता वाकला. मग खिळा धरला आणि वर वरवंटा घातला.

ठो!

असा वास सुटला की शेजारच्या नागम्मानं तेलुगूत शिव्या घालत खिडकी लावून घेतली. सॉसेज माझ्या सदऱ्यावर, भिंतीवर, कॅलेंडरावर. आणि दारात साहेबांची स्कूटर!

"आता?" मी म्हणालो.

वच्छला पुढं झाली. तिनं पितळी डबा उघडला, दोरे कापले, आतड्यांचे गोल काप केले आणि पातेल्यात सोडले.

मी सदरा बदलला, चार उदबत्त्या लावल्या. साहेबांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. मला खुर्ची दूर जाताना दिसली.

"वंडरफुल!" साहेब ओरडले. "हे मुंबईचं ना?"

"मुंबईचंच, सर! खास मागवलं."

तिसऱ्या वाटीला आई भाकरी घेऊन बाहेर आली. समोर माणूस भाकरीवाचून जेवतोय हे तिला मोरीत बसून सहन होईना. "भाकरीबिगर प्वाट कसं भरंल, सायेब?"

"ह्या कोण?" साहेबांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो, ते खरंच अजून ठरलं नव्हतं. आईनं माझ्याकडे बघितलं. एकदाच.

"मी कामाला हाय हितं," ती म्हणाली.

मी तोंड मिटलं.

"दर बुधवारी हेच सूप पाहिजे!" साहेब ढेकर देत म्हणाले. "जमवा, आणि खुर्ची तुमचीच समजा."

"जमलंच, सर!"

साहेब गेले. आई मोरीत त्यांची वाटी घासत होती.

"आई, दर बुधवारी एस्टीनं एक डबा धाडशील?"

"काय म्हनतूस त्येला?"

"सॉसेज."

"व्हय. सोसायचं," ती म्हणाली आणि वाटी पालथी घातली.

दुपारी उंबऱ्यातच तिनं मला सांगितलं होतं की डब्यासाठी कापली ती कळपातली शेवटची मेंढी होती.