नियम सातवा आणि हैबती गवा

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि नियम जास्त होते. त्यामुळे तिथे तुरुंगही होता.

तुरुंगाच्या फाटकावर हैबती गवा पहारा करी. त्याची कातडी इतकी जाड की डास चावायला येत आणि दात पाडून परत जात. त्याचा जोडीदार होता दौलत सांबर.

एकदा कैदी रानडुकरांची आत मारामारी जुंपली. दौलत सोडवायला मध्ये पडला. "हैबती, फाटक उघड!" तो ओरडला. हैबतीच्या तोंडातून किल्ली खाली पडली. ती उचलेपर्यंत दौलत त्याच्या डोळ्यांदेखत गेला.

तुरुंगाने दोन मिनिटं मौन पाळलं. तिसऱ्या मिनिटाला कैद्यांची मोजणी सुरू झाली.

त्यानंतर कडी वाजली की हैबती किल्ली दातांत घट्ट आवळून धरी. घरी तो वासरांना रांगेत उभं करी. पुन्हा पुन्हा मोजी. बायको पाणवठ्यावर निघाली की, "परवानगी घेतलीस का?" म्हणून खेकसे.

"अहो, हे घर आहे," तान्हूबाई म्हणाली. वासरं मात्र एका सुरात म्हणाली, "हजर!"

ते ऐकून हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक तुरुंगाधिकाऱ्यांकडे गेला. हे साहेब म्हणजे मयूरराव पिसाळ, जातीने मोर.

"साहेब, कडी वाजली की मला दौलत दिसतो."

"असं कसं? त्याचं पद तर आपण रद्द केलंय."

"साहेब, आत फार जड झालंय."

"एवढी जाड कातडी तुमची, आणि रडता काय?"

"कातडी बाहेरून असते, साहेब. दर मंगळवारी कासवबाई येतात, कैद्यांचं मन ऐकतात. मीही बोलू का त्यांच्याशी?"

साहेबांनी नियमावली उघडली. "नियम सातवा. कासवबाई फक्त कैद्यांसाठी."

"आणि पहारेकऱ्यांसाठी?"

"पहारेकऱ्यांसाठी शिट्टी आहे."

तरी साहेब अगदीच कठोर नव्हते हं, मुलांनो. त्यांनी लगेच 'प्रसन्न मन सप्ताह' जाहीर केला. फलक लागले, भाषणं झाली. साहेबांनी पिसारा फुलवला आणि कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. हैबती जीव घेऊन व्यासपीठाखाली शिरला. मग व्यासपीठ पाठीवर घेऊन नदीपर्यंत पळाला. साहेब वरच होते.

दुसऱ्या दिवशी त्याला नोटीस मिळाली : 'विनापरवानगी घाबरल्याबद्दल खुलासा करावा.'

हैबतीने तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत गेला, आणि त्यांच्यासमोर अख्खी नियमावली खाल्ली. पुठ्ठ्यासकट.

चार महिन्यांची कैद झाली.

पहिल्याच मंगळवारी कासवबाई आल्या. त्या हळूहळू बसल्या. "बोला," म्हणाल्या, "मला कसलीच घाई नाही."

हैबती आधी हवापाण्याबद्दल बोलला. मग चाऱ्याबद्दल. मग एकदम म्हणाला, "बाई, किल्ली माझ्याकडून पडली हो." आणि तो एवढा मोठा गवा हमसून हमसून रडला. कासवबाईंनी मान आत घेतली नाही. त्या तिथेच बसून राहिल्या.

असे सोळा मंगळवार गेले. दौलत अजूनही आठवे, पण आता कधीकधी हसतानाही आठवे.

सुटून आल्यावर हैबतीने वासरांना मोजलं नाही. त्यांना घेऊन चरायला गेला. तान्हूबाई न विचारता पाणवठ्यावर गेली, आणि मुद्दाम उशिरा आली.

नोकरी मात्र परत मिळाली नाही. गुन्हेगाराला पहाऱ्यावर ठेवत नाहीत.

एकदा जुने सोबती वाटेत भेटले. डोळे लाल, कान टवकारलेले. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "हैबतीदादा, आत कसं असतं रे?"

"चांगलं असतं," हैबती म्हणाला. "फक्त पहारेकऱ्यांकडे बघवत नाही."

तात्पर्य : बाळांनो, कायदा कधीही मोडू नये. मात्र मन मोडलं असेल, तर आधी कायदा मोडावा; त्याशिवाय मंगळवार मिळत नाही.