तीन मेगापिक्सलच्या बनाबाई

विश्वजितच्या घरातली सगळी माणसं दोन हजार सहा सालच्या दिवाळीपासून हबकलेली होती. प्रत्यक्षात नव्हे, फोटोत.

त्या दिवाळीला त्यानं कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानातून डिजिटल कॅमेरा आणला. काचेच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर असतो, तो. तीन मेगापिक्सल. डोळे लाल येऊ नयेत म्हणून हा कॅमेरा दोनदा चमकायचा. पहिल्यांदा डोळ्यांसाठी आणि दुसऱ्यांदा फोटोसाठी. पण पहिल्यांदा चमकला की माणसांना वाटायचं, झालं. ती श्वास सोडायची, आत ओढलेलं पोट सोडायची, आणि नेमका तेवढ्यात तो पुन्हा चमकायचा. मग फोटोत सगळी तोंडं अशी यायची, की जणू समोरून बैल सुटलाय. चुलत भावाच्या साखरपुड्याच्या फोटोत नवरा मुलगा इतका दचकलेला आला, की मुलीकडच्यांनी घरी येऊन ‘मुलाच्या मनाविरुद्ध तर नाही ना?’ म्हणून चौकशी केली.

“त्ये दोनदा चमकायचं बंद होत न्हाय काय?” बायको स्नेहलनं विचारलं.

“होत असंल की. पुस्तकात दिलं असंल.”

“मग वाचा की पुस्तक!”

विश्वजित पन्हाळ्याला तालुका कचेरीत कारकून होता. दिवसभर लोकांना ‘नियम वाचून या’ म्हणून परत पाठवणाऱ्या माणसावर घरी येऊन स्वतः काही वाचायची पाळी यावी, हे त्याला पटत नव्हतं. शिवाय त्याचं मन खालच्या फळीवरून कधीच उडालं होतं. वरच्या फळीवर दहा मेगापिक्सलचा होता.

“दहा मेगापिक्सलच्या पैशात वाशिंग मशीन येतंय,” स्नेहल म्हणाली. तिच्या हातात तेव्हा पिळलेली चादर होती, त्यामुळे विश्वजितनं वाद वाढवला नाही.

वाद वाढवला तो त्याच्या आईनं. बनाबाईंनी गल्लीतलं एकही मयत चुकवलेलं नव्हतं. बाराव्याला जाऊन आल्या, की गेलेल्या माणसाबद्दल त्या कमी बोलायच्या आणि भिंतीवरच्या त्याच्या फोटोबद्दल जास्त. “आयुष्यभर कलेक्टरागत ऱ्हायला, आणि फोटो बघावा तर रेशनच्या रांगंतला!” तेव्हा त्यांनी एक ठरवून टाकलं होतं. आपला भिंतीवरचा फोटो आपण जिवंतपणी काढून घ्यायचा, डोळ्यांदेखत फ्रेम करून घ्यायचा आणि पसंत करूनच मरायचं.

विश्वजितनं फोटो काढून दिला. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ, डोक्यावर पदर. सगळं जागच्या जागी. डोळे मात्र बाहेर आलेले आणि तोंड उघडं.

“ह्यो भिंतीला लावायचा?” बनाबाई कडाडल्या. “लोकं म्हणतील, म्हातारी भिऊन मेली.”

“आई, तुझी चूक न्हाय. मेगापिक्सल कमी पडाल्यात.”

“मग वाढीव आण की! मी काय तुझ्या पगारापत्तुर थांबणार हाय व्हय?”

विश्वजित दुकानात चौकशीला गेला. दुकानदार म्हणाला, “पावणं, तीनवर बारका फोटो बरा येतोय. मोठा कराय गेलासा की फाटतोय. तोंडाच्या नुसत्या चौकटी चौकटी दिसत्यात.” दुकानदाराला कॅमेरा खपवायचा होता, हे कारकुनालाही कळत होतं. म्हणून विश्वजितनं मनाशी सौदा केला: फोटो मोठा करून बघायचा. फाटला तर कॅमेरा. नाही फाटला, तर वॉशिंग मशीन. आणि बघायचंच, तर अर्धवट कशाला? कोल्हापुरात माणूस मोठ्यात मोठा होतो कुठं? फ्लेक्सवर.

चौकातला फ्लेक्सवाला कृष्णात त्याचा शाळेतला मित्र. नगरसेवकांपासून नगरसेवकांच्या कुत्र्यांपर्यंत सगळ्यांचे वाढदिवस त्याच्याच दुकानातून साजरे व्हायचे. कचेरीतून येताना विश्वजितनं कॅमेऱ्याचं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. डोक्यात वॉशिंग मशीन फिरत असल्यामुळं त्याचं तोंड उतरलेलं होतं.

“कृष्णा, ह्यात आईचा फोटो हाय. मोठ्यात मोठा कर.”

“काकींचा?” कृष्णातनं संगणकावर फोटो उघडला. मग हळू आवाजात म्हणाला, “मजकूर काय टाकू?”

“मजकूर नको. नुसता फोटो. सकाळी बघतो.”

“आणि रेट...”

“काय व्हईल त्यो घे,” असं म्हणून विश्वजित निघून गेला.

कृष्णात खुर्चीत बसून राहिला. म्हातारीचा फोटो, पोराचं उतरलेलं तोंड आणि मजकुराला शब्द नाहीत. एवढ्यावरून त्यानं काही ठरवलं नसतं. पण गिऱ्हाईक भाव न करता गेलं होतं. त्याच्या धंद्यात भाव न करता जाणारं गिऱ्हाईक एकाच प्रकारचं असतं. लहानपणी बनाबाईंच्या चुलीपुढं बसून खाल्लेल्या भाकरी आठवून त्याचे डोळे भरून आले. अशा वेळी घरी फोन करून मजकूर विचारण्याइतका तो दगड नव्हता. त्यानं स्वतःच मजकूर जुळवला, दोन्ही बाजूंना समया उभ्या केल्या, कोपऱ्यात कमळ सोडलं आणि पहाटे उठून स्वतःच्या हातानं फ्लेक्स चौकात बांधला. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता.

सकाळी कचेरीला निघालेल्या विश्वजितला चौकात दहा फुटी आई दिसली. तो मोटारसायकल उभी करून धावला. जवळ जाऊन बघितलं. लांब जाऊन बघितलं. एक डोळा मिटून बघितलं. फोटो फाटला नव्हता! नथीतला मोती न् मोती रस्त्याच्या पलीकडून मोजता येत होता. विश्वजितनं सुस्कारा सोडला. वॉशिंग मशीन जिंकलं होतं.

“अटॅकच असणार,” शेजारी उभा असलेला एक पेपरवाला म्हणाला.

“कशावरनं?” दुसऱ्यानं विचारलं.

“तोंड बघा की. समोर कायतरी दिसलंच असणार.”

तेव्हा कुठं विश्वजितची नजर फोटोवरून खाली, मजकुरावर घसरली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल: समस्त मित्र परिवार.’ त्या क्षणी विश्वजित हुबेहूब आईसारखा दिसला.

“कृष्णा!” तो फोनवर ओरडला. “आई जित्ती हाय!”

“काय सांगतोस! कवा झाली?”

“अरं, मेलीच न्हवती!”

पलीकडून दुखावलेला आवाज आला, “मग भाव का केला न्हाईस?”

कृष्णातनं कार्ड परत दिलं आणि दोघांनी मिळून फ्लेक्स उतरवला. पण तोवर जोतिबाच्या पायथ्याकडून येणारी दुधाची गाडी चौकातून जाऊन, डेअरीत कॅन रिकामे करून, परत गेली होती. त्या पायथ्याच्या एका गावात बनाबाईंचं माहेर होतं आणि सासरही. दूध शहरात येतं आणि बातमी गावात जाते. गाडी मोकळी कधीच फिरत नाही.

बनाबाई घराच्या पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला आणि बायकांनी काढलेला गळा ऐकू आला. गावाकडच्या रीतीप्रमाणं रडणं कोपऱ्यापासूनच सुरू झालं होतं. बनाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि तशाच पुढं झाल्या. मयत कुणाचं हे विचारायला नंतरही वेळ असतो. रडायला उशीर झाला तर लोक नावं ठेवतात. सगळ्यात पुढं डोळ्याला पदर लावून त्यांची धाकटी जाऊ तानाबाई येत होती. बांधावरच्या चिंचेवरून दोघींचं बोलणं कधीच बंद झालं होतं. पण मयतापुढं चिंच काय आणि बांध काय! बनाबाईंनी तिला मिठी मारली आणि सूर धरला.

“आता मी भांडू कुणाशी गं बाईऽऽ!” तानाबाई त्यांच्या खांद्यावर डोकं आपटत होती.

“उगी, उगी,” बनाबाई रडत रडत म्हणाल्या. “कोण गेलं गं?”

“आमची बनाबाई गेली की गंऽऽ!”

बनाबाईंचं रडणं थांबलं. तानाबाईनं डोळ्यावरचा पदर काढला. समोर बघितलं. मग तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून टेम्पोतून अजून उतरत असलेला बनाबाईंचा धाकटा भाऊ गुंडू हातातल्या हारासकट परत टेम्पोत चढला.

टेम्पोमागोमाग विश्वजित धापा टाकत पोचला. सगळे पावणे एका ओळीत उभे राहून बनाबाईंकडं बघत होते. बनाबाई मात्र शांतपणे एकेक तोंड न्याहाळत होत्या. कोण आलं, कोण नाही आलं आणि कोण किती रडलं, हे जिवंतपणी मोजायला मिळालेली गल्लीतली ती पहिलीच बाई होती.

“विश्वा, क्यामेरा आण,” त्या म्हणाल्या. “एवढी मंडळी परत मी मेल्याबिगर जमायची न्हाईत.”

कॅमेरा एकदा चमकला, दुसऱ्यांदा चमकला. विश्वजितनं मागच्या इवल्याशा पडद्यावर बघितलं. गुंडूमामा, तानाबाई, टेम्पोवाला, झाडून सगळे हबकलेले. आणि मधोमध बनाबाई. पदर सरळ, नजर सरळ, ओठांवर हसू. दुसऱ्या चमकेनं दचकायला त्यांना सवडच नव्हती. त्या तानाबाईचा हात घट्ट धरून उभ्या होत्या.

“ह्यो,” बनाबाई म्हणाल्या. “ह्योच भिंतीवर.”

“बाकीची मंडळी कापून काढतो, आई.”

“खबरदार! त्यांच्यासकट लाव.”

फोटो मोठा झाला, फाटला नाही आणि भिंतीवर लागला. घरी येणारा प्रत्येक जण त्यापुढं उभा राहून पोट धरून हसायला लागला. ही बातमीसुद्धा दुधाच्या गाडीनं वेळेवर पोचवली. आठवडाभरात गुंडूमामा घरी आला. चहा न घेताच मुद्द्यावर आला.

“आक्का, गावात तोंड दाखवाय जागा न्हाय. त्यो फोटो उतरव.”

“का? माझा चांगला आलाय की.”

“विश्वा, तू तरी सांग. दहा मेगावाला पायजे न्हवं तुला? मी घिऊन देतो. आज, आत्ता. आक्काचा एकटीचा काढ, आणि ह्यो जाळून टाक.”

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. स्नेहल दारात आली. विश्वजितला वरची फळी दिसली. तो बारका, चंदेरी कॅमेरा दिसला, त्याचा मोठा पडदा दिसला. मग त्यानं आईकडं बघितलं. ती भिंतीवरच्या स्वतःकडं बघत होती, एखाद्या बाराव्याला बघावं तशी बारकाईनं, आणि या वेळी तिला नाव ठेवायला काही सापडत नव्हतं.

“नको, मामा,” विश्वजित म्हणाला. “तीन मेगापिक्सल पुरत्यात.”

गुंडूमामानं त्याच्याकडं बघितलं आणि मग भिंतीवरच्या स्वतःकडं. वर आणि खाली, दोन्हीकडं तोंड सारखंच उघडं होतं.