साळवेकाका कान बघतात

१२ जुलैची गोष्ट. विमा कंपनीनं परत पाठवलेल्या फायली लावायला बसले होते. काम निम्म्यावर राहिलं. कारण, साळवेकाका.

साळवेकाका गारखेड्यातल्या आमच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसतात आणि माणसाच्या तोंडाऐवजी कान बघतात. विमा योजनेचं कार्ड पुढे आलं की चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "कान दाखवा." कार्डावरच्या फोटोशी कान जुळला तरच फाईल पुढे सरकते. "मॅडम, तोंडाचं काय खरंय? दाढी वाढते, दात पडतात. कान लई इमानदार."

दुसऱ्याच्या कार्डावर इलाज घेणारे पकडायला अंगठ्याचं यंत्र आहे. पण शेतात राबलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. मग बाकीचे दवाखाने फोटोवर भागवतात, आणि तिथंच फसतात. म्हणून कान. एकदा कुस्तीत कान चेपलेला पैलवान आला, फोटो चेपण्याआधीचा. काकांनी त्याला तासभर बसवलं आणि त्याच्या तालमीतल्या वस्तादांना फोन लावून कान कधी चेपला ते विचारून घेतलं.

तर १२ जुलैला फुलंब्रीहून दोघी जावा आल्या. पित्ताशयात खडे, ऑपरेशन ठरलेलं. कार्ड शांताबाईंच्या नावाचं, आणि पोट धरून बसलेली धाकटी म्हणे, शांताबाई मीच. फोटोत कानावर पदर. काकांची पंचाईत झाली. त्यांनी दोघींना बाकावर बसवलं आणि मागून जाऊन हाक मारली, "शांताबाई!"

"ओ!" म्हणाली थोरली.

"पोट हिचं दुखतंय, आन् ओ तुम्ही देता?"

थोरली उसळली. "मंग काय करू वो? तिचं कार्ड नाय निघालं अजून. म्या माझं दिलं. चोरी केली का? जाऊ हाय माझी!"

मी त्यांना परत पाठवणार होते. असं एक प्रकरण उघडकीला आलं की योजनेच्या यादीतून दवाखान्याचंच नाव जातं. काका मात्र तिच्या शेजारी बाकावर टेकले.

"चोरी नाय, माय. पण कागदावर तुझं पित्ताशय निघंल आन् पोटात तसंच राहील. उद्या तुझं दुखलं तर डॉक्टर म्हणतील, हिला पित्ताशयच नाय."

"असं कुठं होतं व्हय?"

"माझ्या घरी झालं." काका चष्मा पुसत होते. "बायकोचं कार्ड मीच बहिणीला दिलं. बहीण बरी झाली. पुढं बायकोचं दुखायला लागलं. डॉक्टर पित्ताशय सोडून सगळं तपासत बसले. पकडले जाऊ म्हणून ती बोलली नाय. मीबी नाय. तीन दिवस. सांगितलं तोवर आत फुटलं होतं. गेली."

बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. काकू नाहीत, एवढंच मला माहीत होतं.

मी उठून डॉक्टरांना विचारून आले. खडे चार दिवस थांबणार होते. धाकटीचं आधार आणि रेशनकार्ड पिशवीतच होतं.

"मॅडम, उद्या माझी रजा टाका," काका म्हणाले. बारा वर्षांतली मला आठवणारी पहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघी जावांना घेऊन कार्ड काढायला निघाले. "फोटोला पदर कानामागं घ्यायचा," असं फाटकापर्यंत बजावत होते. मी त्यांच्या खुर्चीवर बसले. पहिल्या पेशंटनं कार्ड सरकवलं. मी चष्मा कपाळावर चढवला.

"कान दाखवा."