केरबा साळिंदराचं कपाट

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं आणि त्याला गिटार वाजवता येत होती. बाळांनो, खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. ज्याला वाजवता येतं त्याने वाजवावं, ज्याला ऐकता येतं त्याने ऐकावं, आणि सगळ्यांनी जेवून झोपावं. पण मग मला कोण विचारणार? म्हणून पुढे ऐका.

साळिंदराचं नाव केरबा. पाठीवरचा एक काटा उपटायचा आणि त्यानेच तारा छेडायच्या, अशी त्याची पद्धत होती. काटा उपटताना दुखायचं, त्यामुळे तो उगाच वाजवत नसे. त्याच्याकडे एक जुना डबा होता. गिटारची वायर डब्यात खोचली की आवाज मोठा होऊन बाहेर यायचा. डब्याला दोन बटणं होती. एक आवाजाचं आणि एक तुटलेलं.

जंगलात वीज कुठून आली, असं मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतंय. ज्या जंगलात साळिंदर गिटार वाजवतं, तिथे वीजही असते. अधूनमधून जातेसुद्धा. आता गप्प बस आणि ऐक.

केरबाची आई हौसाबाई म्हातारी झाली होती. तिला जवळजवळ दिसत नसे. पण कान असे, की बाहेर पाचोळ्यावरून मुंगूस गेलं की साप, हे ती बिळात बसून सांगायची. बिबट्या टेकडीवरून उतरायला लागला की तिला खाली कळायचं. त्या कानांच्या जोरावर ती एकटी पाण्यावर जायची, एकटी कंद उकरायची. सून नाही, नातवंडं नाहीत, डोळे नाहीत, याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. कान होते ना.

रोज संध्याकाळी ती केरबाकडून एक धून ऐकायची. पूर्वी कंद उकरताना, त्याला निजवताना ती स्वतःच ती गुणगुणायची, आणि केरबाने ती तिच्या पोटाशी झोपून पाठ केली होती. धून अगदी हळू होती. जोरात वाजवली तर ती तीच राहत नसे.

आता त्या जंगलातली एक प्रथा सांगतो. पाऊस संपला की ओढ्यावर सभा भरे. वाजवणारा ओढ्याच्या एका काठाला, खडकावर, आणि ऐकणारे पलीकडच्या काठाला. असं का? फार पूर्वी एकदा वाघ गायला बसला होता. गाणं बरं झालं, पण संपल्यावर श्रोते कमी भरले. तेव्हापासून कलावंत आणि रसिक यांच्यामध्ये पाणी ठेवायची पद्धत पडली.

त्या वर्षी सभेत वाजवायला केरबाला बोलावणं आलं. हौसाबाईला एवढा आनंद झाला की तिच्या अंगावरचे काटे बराच वेळ खाली बसेनात.

"तीच वाजीव बरं का," ती म्हणाली. "आपल्या बिळात लई ऐकली. आता चार जणांत बसून ऐकायची हाय मला."

"आये, मधी वढा हाय. डब्याचा आवाज त्या काठाला पोचंल का?"

"मग डबा वाईच म्होरं न्हेऊन पाण्याजवळ ठेव की."

केरबा हसला. आईला यातलं काय कळतं, असं त्याला वाटलं. बाळांनो, तुम्हालाही वाटतं, मला माहीत आहे. तो उठला आणि विचारायला वारुळाकडे गेला.

वारूळ म्हणजे त्या जंगलातली जाणकारांची बसायची जागा. सकाळपासून तिथे मंडळी जमत आणि कोणाच्या गिटारला काय जोडावं याची चर्चा चाले. त्यांच्यापैकी कोणाला वाजवताना कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांना वेळच मिळत नसे. सगळ्यात वर अण्णा सरडा बसत. काहीही विचारलं की अण्णा आधी मान वरखाली करत, त्यामुळे विचारणाऱ्याला आपण बरोबरच आहोत असं वाटे. मग ते उलटं सांगत.

"डबा?" अण्णा मान हलवत म्हणाले. "सभेत तू डब्यावर वाजवणार?"

"आजवर त्याच्यावरच वाजवलंय अण्णा."

"सुरुवातीला सगळेच चुकतात. वाईट वाटून घेऊ नकोस. रॅक लाव."

रॅक म्हणजे लोखंडी कपाट. डब्यात जे सगळं एकत्र असतं ते सुटं करायचं, प्रत्येकाला वेगळा खण द्यायचा, आणि मग वायरी लावून पुन्हा एकत्र जोडायचं. याला रॅक म्हणतात.

"मग फरक काय पडतो?" केरबाने विचारलं.

"फरक कळायला कान तयार व्हावे लागतात," अण्णा म्हणाले. "आणि कान तयार व्हायला आधी रॅक लावावा लागतो."

वारुळावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. केरबानेही डोलावली. मोठ्यांच्यात बसल्याचं एक समाधान असतं, ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं.

झालं. केरबाने साठवलेल्या कंदांना हात घातला. आधी कपाट आलं. कपाटाला खाली चाकं होती, आणि जंगलात रस्ता नव्हता, त्यामुळे ते गव्याच्या पाठीवरून आणावं लागलं. मग आवाज घडवणारं यंत्र आलं. त्याला प्रीअँप म्हणायचं. मग घडलेला आवाज मोठा करणारं यंत्र आलं, ते पॉवर अँप. ते एवढं जड होतं की केरबाने ते वरच्या खणात बसवल्यावर कपाट पुढे कलंडलं आणि त्याच्या पाठीवर पडलं. पाठीवर काटे असल्याने कपाटाला पोचे आले. जड वस्तू खाली बसवायची असते, हे अण्णांनी नंतर सांगितलं. हा अनुभव ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो, असंही सांगितलं.

मग स्पीकर आला. मग प्रतिध्वनी काढणारं यंत्र आलं. त्याने एक सूर वाजवला की दरीत वाजवल्यासारखा ऐकू येई. केरबा दरीतच राहत होता, पण तो प्रतिध्वनी फुकटचा होता.

तरी मधला एक खण रिकामा राहिला. रिकामा खण फार वाईट दिसतो, बाळांनो. दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. वारुळावरून जो येई तो बाकी काही न बघता त्या खणाकडेच बघे. म्हणून केरबाने तिथे नुसते दिवे लावायचं यंत्र बसवलं. बाकीची यंत्रं अंधारात दिसावीत, एवढंच त्याचं काम.

या सगळ्यात संध्याकाळी धून वाजवायची राहून जाऊ लागली. केरबा कपाटाच्या मागे डोकं घालून वायरी लावत असे. कोणती वायर कुठून निघाली आणि कुठे गेली, हे त्याला कळेनासं झालं होतं. हौसाबाई बिळाच्या तोंडाशी कान देऊन बसे.

"आज न्हाई व्हय रं?"

"थांब आये. एक स्क्रू बसंना झालाय."

"डब्यावर वाजीव तवर."

"डबा दिला," केरबा म्हणाला.

डबा त्याने शेजारच्या रंगू सशिणीला देऊन टाकला होता. तिने तो पाट म्हणून मागितला होता.

शेवटी कपाट जोडून झालं. केरबाने काटा उपटला, वायर खोचली आणि कपाट चालू केलं. गिटारला त्याने हातही लावला नव्हता, तोच कपाटातून "हम्म्म्म" असा आवाज येऊ लागला. गुणगुण काही थांबेना. एक वायर काढली तर वाढली. सगळ्या काढल्या तर थांबली, पण मग गिटारही थांबली. केरबा धावत वारुळावर गेला.

अण्णांचा चेहरा खुलला. इतका वेळ ते याचीच वाट बघत होते.

"गुणगुण येतेच," ते म्हणाले. "गुणगुण आली म्हणजे रॅक खरा आहे. आता तुला नॉईज गेट लागेल."

नॉईज गेट म्हणजे आवाजाचा दरवान. तो वाटेत उभा राहतो. मोठा आवाज आला की दार उघडतो आणि बारीकसारीक आवाज आला की दार बंद करतो. कोणत्या आवाजाला आत सोडायचं आणि कोणाला हाकलायचं, हे त्याच्या बटणावर ठरतं.

"बटण किती फिरवायचं अण्णा?"

"गुणगुण बंद होईपर्यंत."

केरबाने दिव्यांचं यंत्र काढून त्या खणात दरवान बसवला आणि बटण फिरवलं. गुणगुण चालूच होती. आणखी फिरवलं. बटण अगदी शेवटाला टेकलं तेव्हा गुणगुण थांबली. कपाट एकदम शांत झालं. वारुळावरची मंडळी मुद्दाम ती शांतता ऐकायला आली आणि डोळे मिटून उभी राहिली. मग केरबाने गिटारवर एक दणका दिला. दरवानाने दार उघडलं आणि झाडावरचे पोपट उडाले. "तयार आहे," अण्णा म्हणाले.

सभेचा दिवस आला. ऊन कललं होतं. पलीकडच्या काठावर सगळं जंगल जमलं होतं. पुढच्या रांगेत वारुळावरची मंडळी, मध्ये अध्यक्ष गवेसाहेब आणि सगळ्यात मागे हौसाबाई. तिने अंगावरचे काटे नीट बसवले होते. शेजारणीला तिने आधीच सांगून ठेवलं होतं, की आता माझी धून वाजणार आहे, मध्ये बोलू नका.

या काठावर खडकावर केरबा बसला. मागे कपाट उभं होतं. त्याने काटा उपटला, डोळे मिटले आणि धून सुरू केली. हळू, जशी वाजवायची तशी.

दरवानाने दार उघडलं नाही.

त्याचंही बरोबरच होतं. त्याला बारीक आवाज हाकलायला सांगितलं होतं आणि तो हाकलत होता. ती धून आणि ती गुणगुण यांत त्याला काही फरक दिसला नाही. तारा हलत होत्या, पण ओढ्याच्या खळखळाटात त्या केरबालाही नीट ऐकू येत नव्हत्या. स्पीकर मुका उभा होता.

केरबाने डोळे उघडले. आता थांबावं, उठावं आणि ते बटण मागे फिरवावं, असं त्याला वाटलं. तो उठणार इतक्यात पलीकडून अण्णांचा आवाज आला.

"वा!"

अण्णा खोटं बोलत नव्हते, हे लक्षात ठेवा. वारुळावरची मंडळी गुणगुण येते का, हे ऐकायला आली होती. ती येत नव्हती. इतका शुद्ध रॅक त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या माना बघून मागच्या रांगेने डोलावल्या. गवेसाहेबांनी शिंगं हलवली. केरबा पुन्हा खाली बसला आणि त्याने डोळे मिटून धून शेवटपर्यंत वाजवली. संपल्यावर सगळ्या काठाने शेपट्या आपटल्या.

अध्यक्षीय भाषण झालं. गवेसाहेब म्हणाले की अशी स्वच्छता आपल्या संगीतात आजवर नव्हती. त्यांनी केरबाला वारुळावर, अण्णांच्या शेजारी, कायमची जागा दिली. त्या मानासाठी जंगलातले भलेभले झुरत होते.

केरबा ओढा ओलांडून आईकडे आला. त्याला तिला सगळं सांगायचं होतं. ती एकटीच बसली होती. बाकीचे उठून गेले होते.

"आये," तो म्हणाला.

"लई ग्वाड वाजवलंस म्हनं," ती म्हणाली. "समदी सांगत व्हती."

"तुला ऐकू आली?"

हौसाबाईने इकडे तिकडे कान फिरवले, जवळ कोणी नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणाली, "वढा आला ऐकू. तुजी धून न्हाई आली. बारीक ऐकायचं गेलं वाटतं माझं, केरबा. कुनाला सांगू नगंस."

केरबाने तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य ओढ्याकाठी बोललं की संध्याकाळपर्यंत वारुळावर पोचलं असतं, आणि वारुळावरची जागा त्याला अजून बसून बघायचीही होती. तेवढ्यात मागून अण्णांनी हाक मारली. पाहुणे कपाट बघायला थांबले होते.

"उद्या बोलू आये," केरबा म्हणाला.

उद्याही पाहुणे आले. परवाही आले. हळूहळू त्या वाक्याला उशीर झाला, आणि उशीर झालेलं खरं बोलायला फार लाज वाटते. त्याला मनातून वाईट वाटत होतं. वाईट वाटण्यात तो चांगलाच होता.

हौसाबाईने एकटीने पाण्यावर जाणं सोडलं. बिबट्या आला तर आपल्याला कळणार नाही, अशी तिची खात्री झाली होती. कंद उकरायलाही ती जाईना. पाचोळ्यात काही सळसळलं तर पूर्वी ती नाव सांगायची. आता ती केरबाला विचारे, "काय वाजलं का रं?" आणि त्याने हो म्हटलं तरच विश्वास ठेवी.

एका संध्याकाळी केरबा कपाटासमोर बसला होता. वारुळावर मान हलवायला तो आता चांगला शिकला होता. मधल्या खणात आता दरवान होता, म्हणून तिथून काढलेले दिवे कुठे लावावेत याचा तो विचार करत होता. हौसाबाई बिळाच्या तोंडाशी बसली होती. शेजारी रंगू सशीण पाट म्हणून नेलेल्या डब्याशी काहीतरी खटपट करत होती. तिने कुठूनशी एक मोडकी गिटार आणली होती. सुराला सूर लागत नव्हता, पण मधूनच तीच धून उमटली. इतकी वर्षं शेजारी राहून तिलाही ती पाठ झाली होती.

हौसाबाईचे कान ताठ झाले. तिचा चेहरा उजळला. क्षणभर ती तशीच बसून राहिली. मग कान खाली पडले.

"केरबा," ती म्हणाली, "आता भासबी व्हाया लागलं बग मला. कुटंतरी आपली धून वाजतीया असं वाटतंय. वाजतीया का रं?"

धून वाजत होती. केरबाला स्पष्ट ऐकू येत होती.

त्याने मान वरखाली केली. मग म्हणाला, "न्हाई आये. वय झालं की व्हतंय तसं."

आणि तो स्क्रू पिळायला कपाटाच्या मागे गेला.

तात्पर्य : ऐकू आलं नाही तर म्हाताऱ्या माणसांनी वेळीच कान तपासून घ्यावेत. कपाटात दोष नसतो.