पाचव्या टॅकलनंतर

सिडनीच्या मुख्य कचेरीतून आलेल्या पत्राला शैलेंद्रनं उत्तर दिलं नव्हतं. त्याच्या हाताखालच्या वरुणला आणखी दोन वर्षं सिंगापुरात ठेवावं का, एवढंच त्यात विचारलं होतं. उत्तर मात्र सहीनिशी, टपालानं हवं होतं. ते गेलं नाही तर वरुणचा तिथला कामाचा पास संपणार होता. मग टॅम्पिनीसचा फ्लॅट सोडून, नुकतीच नोकरी लागलेल्या बायकोला, वल्लरीला, घेऊन त्यानं पुण्याला परतायचं.

कंपनी ऑस्ट्रेलियन, त्यामुळे तिची रग्बी लीगची टीम होती आणि तिच्यातले दोन हाफ, म्हणजे चाली रचणारे गडी, शैलेंद्र आणि वरुण. या खेळात सहाव्यांदा अडवले गेलात की चेंडू मुकाट्यानं समोरच्यांना द्यायचा. म्हणून पाचव्या टॅकलनंतर एका हाफनं तो लाथेनं मोकळ्या जागी धाडायचा. ती जागा वरुणला अचूक दिसे. शैलेंद्र नुसता उंच मारी. चेंडू आभाळात असेपर्यंत तेवढाच दम खाता येई.

रविवारी यिशुनच्या टीमशी सामना होता. पाचवा टॅकल झाला आणि चेंडू वरुणकडे आला. साहेबांच्या देखत आपण मारायचं, हे त्याच्या जिवावर आलं.

“सर, तुम्ही.” त्यानं चेंडू अदबीनं शैलेंद्रकडे दिला.

शैलेंद्रला धाप लागली होती. “अरे, मार ना तूच.”

“छे, सर. आधी तुम्ही.”

चेंडू दोनदा इकडून तिकडे गेला आणि यिशुनवाल्यांनी दोघांनाही आडवं केलं. पुढच्या खेपेलाही तेच.

मध्यंतरात शैलेंद्रची बायको सरोजिनी सरबत घेऊन आली. “पंगतीतला शेवटचा लाडू आहे का तो? घ्या की कुणीतरी.”

आता पुन्हा विचारू नकोस, असं शैलेंद्रनं वरुणला बजावलं. वरुणनं तो हुकूम मानला. समोरचे सगळे पुढे सरकले होते, त्यांच्या मागचा डावा कोपरा ओस होता. त्यानं चेंडू जमिनीलगत सरपटत तिकडे धाडला. किक सुरेख होती. फक्त त्या बाजूला एकटा शैलेंद्रच होता. तो कसाबसा धावला, रेषेपलीकडे चेंडूवर पडला आणि गुण मिळाले. टाळ्या वाजल्या. सर खूश झाले, असं वरुणला वाटलं. श्रेय त्यांनाच मिळावं म्हणून सामना संपेपर्यंत त्यानं प्रत्येक चेंडू त्याच कोपऱ्यात मारला.

सामना जिंकला. शैलेंद्रला दोघांनी उचलून टॅक्सीत घातलं.

सोमवारी त्याचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. खुर्चीतून उठता येईना, म्हणून साचलेले कागद उपसणं आलं. त्यात ते पत्र निघालं. वरुणला ठेवायचंच, त्यात विचारायचं काय, असं वाटल्यामुळेच उत्तर राहून गेलं होतं. त्यानं लिहिलं: ‘मुलगा अवश्य ठेवा. मोकळी जागा त्याला सगळ्यांच्या आधी दिसते. तिथवर धावायला मात्र एखादा तरुण माणूस द्या.’

पाकीट चिकटवून त्यानं वरुणला हाक मारली. “एवढं पोस्टात टाकून ये. मला चालवत नाहीये.”

वरुणनं पत्ता वाचला, सिडनीचा; आपलं राहणं याच उत्तरावर आहे, हे त्याला ठाऊक होतं. मग गुडघ्याकडे पाहिलं. “सर, काल जरा जास्तच झालं का?”

“जा रे बाबा.”

टपालपेटीपाशी वरुण बराच वेळ उभा राहिला. मग वल्लरीला फोन करून सामान भरायला खोकी बघून ठेव म्हणाला, आणि त्यानं पाकीट आत सोडलं.